हवेलीतल्या चुली आणि माधवसर

माधवसरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दुबईच्या करामा भागात, आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये. त्यांच्या हातात पिशवीभर फुटकी खापरं होती. आईने विचारलं, "अहो, कचरा टाकायला निघालात का?" सर म्हणाले, "नाही हो, जपायला." तेव्हा मी शाळेत होते. पुढे पुरातत्त्व शिकले आणि रास अल खैमाजवळच्या उत्खननात त्यांची सहायक झाले.

तिथे वाळूखाली एक हवेली आहे. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात समुद्रापलीकडचा माल आणणाऱ्या कुणा धनिकाची. तिच्या दालनातला काळा थर म्हणजे हल्ल्याची खूण. हवेली जाळली गेली आणि कायमची ओस पडली, असं सरांनी आपल्या पुस्तकात मांडलं होतं. आम्ही सगळे तेच शिकलो.

गेल्या हिवाळ्यात तो थर कापताना माझा हात थांबला. राख, त्यावर चोपलेली माती, पुन्हा राख. मधे माशांचे काटे, खजुराच्या बिया आणि हवेलीच्याच कोरीव दगडांच्या चुली. हवेली जळली नव्हतीच! धनिक गेल्यावर साधी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे रांधत होती. मी वर ताडपत्री ओढली आणि दोन दिवस गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी सांगितलं. सर खड्ड्यात उतरले, गुडघे टेकून बराच वेळ पाहत राहिले.

"दोन दिवस का थांबलीस?"

"सर, तुमचं पुस्तक..."

"पुस्तकाचं मी बघतो. फोटो नीट काढलेस ना?"

पुढच्याच आठवड्यात बर दुबईत त्यांचं व्याख्यान होतं. उभे राहताच ते म्हणाले, "माझ्या पुस्तकातलं चौथं प्रकरण चुकलं आहे. ही चूक या मुलीने शोधली." आणि त्यांनी मला उभं केलं. शेजारी बसलेली आई कुजबुजली, "अगं, काय करून ठेवलंस हे?" आयुष्यभराचा मान कुणी असा स्वतःहून पणाला लावतं, यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

आता पंचाहत्तरीत सर ते प्रकरण नव्याने लिहीत आहेत. परवा मसुदा आला, सोबत निरोप: "तपास. भीड नको." दोन चुका सापडल्या. या वेळी मी तासाभरात फोन केला.

सर, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. हवेलीच्या निम्म्या खोल्या अजून वाळूखालीच आहेत.