सम-विषमाचे सूप

देसले सर फळ्यावर गणित लिहीत आणि लगेच खडू खाली ठेवत. हात पाठीमागे बांधून विचारत, ‘‘उत्तर नको. सम का विषम, तेवढं सांगा.’’

शहापूरच्या बाजारामागील एका खोलीत आमचा भरती परीक्षांचा बिनफीचा वर्ग भरे. मी मराठी शिकवीत असे, सर गणित. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांचे शिकवणे संपले नव्हते, आणि दमणेही.

प्रश्न असे: ३७ गुणिले ४३, अधिक २९. विषम गुणिले विषम, उत्तर विषम; त्यात विषम मिळवले की सम. चार पर्यायांत १६२० ही एकच सम संख्या असेल, तर आकडेमोडीची गरजच उरत नाही. ‘‘खोटी उत्तरं आधी घरी धाडा,’’ सर म्हणत, ‘‘मग जो राहील त्याच्याशी बोला.’’

सापगावची सुनीता शेतातली कामे उरकून वर्गाला येई. पोलीस भरतीसाठी वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची परीक्षा होती. सराव परीक्षेत एका प्रश्नाला दोन सम पर्याय होते; तिने पहिल्यावर खूण केली, आणि तो चुकला.

‘‘गो, दोन सम होत्या ना? मग हीच का?’’

‘‘पयली दिसली, सर. टाइम नव्हता.’’

‘‘नियम म्हंजे सूप. सुपानं फोल जातं, भात शिजत नाय. तो चुलीवरच शिजवायला लागतो. दोन उरले, की गणित कर.’’

परीक्षेत तिने तसेच केले. निकाल लागला त्या संध्याकाळी ती वर्ग सुटल्यावर आली.

‘‘गणितं सगळी बरोबर आली, सर. निवड नाय झाली. दुसऱ्यांचे मार्क जास्त.’’

सर फळा पुसू लागले. फळा स्वच्छ झाल्यावरही ते तो पुसत राहिले.

‘‘उद्या ये,’’ शेवटी ते म्हणाले.

‘‘कशाला? वय संपलं माझं.’’

‘‘शिकायला नाय, शिकवायला. माझ्यानं आता उभं राहवत नाय.’’

तिने डोळे पुसले. ‘‘पगार किती देनार?’’

‘‘शून्य.’’

‘‘म्हंजे सम,’’ सुनीता म्हणाली.

सर हसले नाहीत. ‘‘बरोबर,’’ एवढेच म्हणाले आणि माझ्या पाहण्यात प्रथमच विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले.