सहाच्या एस.टी.नंतरचा सिनेमा

परवा कर्जतच्या बाजारात एका वेल्डिंगच्या दुकानासमोरून जात होतो. आत कुणीतरी खिडकीची जाळी जोडत होतं. ठिणग्यांकडे बघू नये म्हणून मान फिरवली, पण वास चुकवता येत नाही. तो जळका, किंचित तिखट वास आला आणि मी रस्त्यातच उभा राहिलो. इथल्या आमच्या थिएटरच्या प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या जळत, त्यांचा वास थेट असाच होता. मागच्या बाकांवर बसणाऱ्यांना तो सिनेमासोबत फुकट मिळे. थिएटर पाडल्याला आता बरीच वर्षं झाली. तिथे उंच इमारत आहे आणि खाली मोबाइलचं दुकान. त्यासाठी मला गळा काढायचा नाही. थिएटरात ढेकूण होते आणि पंखे वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करत. मला आठवण येते ती तिथल्या सिनेमांच्या शेवटांची, आणि गंमत अशी की त्यातला जवळजवळ एकही मी तिथे पाहिलेला नाही.

तुम्हीही माझ्यासारखे सिनेमावेडे असाल तर एखादं तरी शेवटचं वाक्य तुम्हाला पाठ असेल. अडीच तास पडद्यावर माणसं बोलत असतात, त्यातलं बहुतेक सगळं आपण चपला शोधतानाच विसरतो. पण दिवे लागण्याआधी कुणीतरी जे शेवटचं बोललेलं असतं ते मात्र घरापर्यंत येतं. त्याच्यानंतर कुणी काही बोलणार नसतं, एवढंच त्या वाक्याचं मोठेपण. आपल्या रोजच्या जगण्यात असं वाक्य कुणाच्याच वाट्याला येत नाही. माणूस कायमचा निघून जातो आणि जाताना म्हणालेला असतो, छत्री कुठे ठेवलीय.

आमचं गाव खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. कर्जतहून सहाला सुटे आणि तीनचा खेळ सुटायला सव्वासहा होत. त्यामुळे पावणेसहाला, पडद्यावर कुणी मरत असो की भेटत असो, आमचं निम्मं थिएटर उठे. बायका पोरं काखोटीला मारत, पुरुष टोप्या झटकत, आणि सगळे मागे वळून वळून बघत दाराकडे सरकत. त्या दारावर आमच्याच गावचा माणूस होता, डोअरकीपर. रात्रीचे खेळ उरकून तो सायकलने गावी येई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या ओट्यावर माणसं जमत. "काय म्हनला रं शेवटाला?" कुणीतरी विचारी. मग हा चहा संपवी, मिशी पुसे, आणि शेवटचं वाक्य सांगे. गावात दुसऱ्या कुणी शेवट पाहिलेला नसे, त्यामुळे त्याला खोडणारं कुणी नव्हतं. तो सांगेल तिथे सिनेमा संपे. ती वाक्यं गावभर वापरली जात, लेकीला सासरी पाठवताना, भावकीच्या भांडणात, अगदी मयताच्या घरीसुद्धा.

माझी धाकटी काकी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. काका माथेरानला एका हॉटेलात कामाला होता. पावसाळ्यात तिथली हॉटेलं बंद होतात आणि आमच्याकडचे कामगार भाताच्या लावणीला खाली येतात. तसा तोही यायचा. एका वर्षी सगळे उतरले, तो उतरला नाही. चौकशी केली तर कळलं की दिवाळीनंतरच कुठल्याशा पाहुण्यांबरोबर तो गेला, कुठे ते कुणालाच माहीत नाही. काकीच्या अंगणातून माथेरानचा डोंगर समोर दिसतो. रोज सकाळी दार उघडलं की तोच.

चार पावसाळे असे गेले. मग तिच्या भावांनी तिचा पाट लावायचं, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायचं ठरवलं. माणूस विधुर होता, भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला, स्वभावाने गरीब. माझ्या वडिलांनीही मान हलवली. काकी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. त्याच आठवड्यात गावातल्या बायकांबरोबर ती सिनेमाला गेली. नवरा सोडून गेलेल्या एका बाईची गोष्ट होती. पावणेसहाला सगळ्या उठल्या तेव्हा पडद्यावर ती बाई उंबऱ्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर ती पहिली होती. मी तिथेच होतो.

"शेवटाला काय व्हतं वो, भावजी?"

डोअरकीपरने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "येतो ना तो. दारात हुबा ऱ्हातो आन म्हनतो, दार उगडं ठेवलंस म्हनून घर घावलं."

दोन दिवसांनी काकीने भावांना चहा पाजून परत पाठवलं. त्या भिवपुरीच्या माणसाने पुढच्या वर्षी दुसरीकडे लग्न केलं. त्याला तीन मुलं झाली, हे मला अजून माहीत आहे, आणि काकीलाही माहीत आहे.

गेल्या महिन्यात तो सिनेमा मला अचानक मोबाइलवर सापडला. प्रिंट भिकार, आवाज फाटलेला, पण पूर्ण. मी शेवटापर्यंत बसलो. बाई उंबऱ्यात उभी राहते, रस्त्याकडे बघते. मग आत वळते, दार लावून घेते आणि सासूला म्हणते, "उद्यापासून त्यांचं ताट वाढू नका." समाप्त. मी आजवर ऐकलेल्या शेवटच्या वाक्यांत इतकं स्वच्छ वाक्य दुसरं नाही. आणि मला इतका संताप आला की मी फोन गादीवर फेकला.

डोअरकीपर आता मुलाकडे कर्जतला असतो, ऐंशीच्या पुढचा. मी तडक तिथे गेलो आणि गेल्या गेल्या भांडायलाच लागलो. त्याने ऐकून घेतलं.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "मी सगळ्याच पिच्चरांचं आसं करायचो रं. गावात मयतं काय कमी व्हती? वर पिच्चरातली कशाला? आन ती आशी बघत व्हती माज्याकडं... मला वाटलं, चार दिस बरं वाटंल तिला. पिच्चरचं मनाला कोन लावून घेतं?"

"नंतर तरी सांगायचं होतं."

"सांगनार व्हतो. तवर तिचं भाव परत गेलं व्हतं." तो पायाच्या अंगठ्यांकडे बघत म्हणाला, "तू सांग तिला. माज्याच्यानं नाय व्हनार."

मला तिथेच नाही म्हणता आलं असतं. पण खोट्याची चीड येण्याचा मला रोग आहे. शिवाय वाटलं, साठीच्या उंबरठ्यावर का होईना, तिला एकदा सुटू दे. कशातून सुटून कुठे जाणार होती ती, याचा विचार मी केला नाही.

काल दुपारी गावी गेलो. काकी अंगणात तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, तुम्ही बायकांनी मिळून पाहिलेला तो सिनेमा मिळालाय, शेवट बघतेस का? तिने हात पदराला पुसले. फोन तिच्या डोळ्यांजवळ धरला. उंबऱ्यातली बाई आली, दार लागलं, वाक्य झालं, समाप्तची पाटी आली आणि पडदा काळा झाला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

"मंग?" ती म्हणाली.

"मग काय, काकी. संपला."

"संपला कसा? तो कुटं आलाय आजून? आमी उटलो ना रं तवा, तितपतूरच दावलंस तू. याच्या म्होरं हाय."

"हाच शेवट आहे, काकी. एवढाच आहे. डोअरकीपरने तेव्हा मनानेच सांगितलं होतं."

ती माझ्याकडे बघून हसली, समजूत घातल्यासारखी. म्हणाली, "तुज्या फोनात पुरा आला नसंल. म्होरं सरकव जरा."

मी तिच्यासमोर पडद्यावर बोट सरकवलं. सरकायला काही उरलंच नव्हतं. तिने फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांच्या आणखी जवळ नेला आणि त्या काळ्या काचेकडे बघत बसली. मीही उठलो नाही.