बंद तक्रारींची झिपारा

झिपाराला नोकरीवरून काढलं, ही बातमी बुधवारी सकाळी आमच्या जिन्यावर निघाली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आमच्या काराकोल गावच्या बाजारात आश्ल्यान-फूच्या, म्हणजे थंड आंबट-तिखट शेवयांच्या, टपऱ्यांपर्यंत पोचली. बातमी खोटी होती. उठवली मीच, तेव्हा दुरुस्तही मीच करते. पण सत्तेचाळीस वर्षांची धडधाकट बाई कामाच्या दिवशी घरात खिडकीशी लॅपटॉप मांडून बसते, तासभर काही लिहिते, कपाळाला आठ्या घालते आणि लिहिलेलं पुन्हा खोडते, तर शेजारणीने समजायचं तरी काय? तिला काढलं नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्सच्या केंद्रात सारखे फोन वाजतात, म्हणून तिनेच तीन दिवस घरून काम मागून घेतलं होतं.

झिपारा आधी शाळेत गणित शिकवायची. पुढे केंद्राचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम सांभाळायला लागली, पण गणित काही सुटलं नाही. नवऱ्याला बाजारात पाठवताना ती चिठ्ठीवर नुसतं ‘साय’ लिहीत नाही. साय नसेल तर लोणी, तेही नसेल तर रिकाम्या हाताने परत ये, पण विचारायला फोन करू नकोस, असं सगळं लिहिते. बिचारा कुबात त्या चिठ्ठ्या घडी करून खिशात ठेवतो आणि तरीही फोन करतो.

तर झालं असं होतं. आमच्या गावात गल्ल्यांची नावं बदलली, पण माणसांच्या तोंडातली बदलली नाहीत. आजारी माणसाच्या घरचे फोनवर जुनं नाव सांगतात, प्रोग्राम नवं दाखवतो आणि गाडी भलत्याच अंगणात जाऊन उभी राहते. असं झालं की चालक परत येऊन केंद्राने घेतलेल्या एका संकेतस्थळावर तक्रार नोंदवायचा. मग कुणीतरी त्याखाली लिहायचं, ‘लोकर-कारखान्याच्या भिंतीला लागून वळा, निळ्या फाटकापुढे रस्ता नाही’. आणि तक्रार बंद व्हायची. नऊ वर्षं हे चाललं. पुढच्या वेळी तोच पत्ता आला की फोन घेणारी बाई तक्रार उघडून चालकाला वाट सांगायची. आता ज्या कंपनीचं ते संकेतस्थळ, तिने कळवलं की शुक्रवारी दुपारी बाराला सगळं पुसणार. त्याआधी काय ते काढून घ्या.

काढायचं कसं? त्या संकेतस्थळाला एक दार माणसांसाठी होतं आणि एक प्रोग्रामांसाठी. आपल्या प्रोग्रामने त्या दुसऱ्या दाराशी जाऊन मागायचं, म्हणजे तक्रारी शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी मिळतात. केंद्रातल्या तालायने मंगळवारी दहा मिनिटांत काहीतरी खरडलं, चालवलं आणि सांगितलं, “झालं. दोनशे चौदा.” मायराम आपा केंद्राच्या मुख्य. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि झिपाराला म्हणाल्या, “बघ, असं असतं काम.”

झिपारा घरी आली आणि बुधवारी आपल्या पद्धतीने पहिल्यापासून लिहायला बसली. तिची पद्धत म्हणजे हास्केल नावाच्या, प्रोग्राम लिहायच्या भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेलं तयार सामान. या लायब्ररीत मागणी आधी पूर्ण लिहावी लागते. ती लिहून होईपर्यंत बाहेर काही जात नाही. आणि काही गाळलं, तर प्रोग्राम तयारच होत नाही. आमच्या सासूबाई पाहुण्याला पानावर बसवण्याआधी अशीच उलटतपासणी घ्यायच्या.

मी वाटीभर जर्दाळूचा मुरंबा घेऊन गेले, तो द्यायला म्हणून. ऐकायला म्हणून नव्हे. झिपारा तालायशी फोनवर बोलत होती. फोन टेबलावर, आवाज मोठा.

“तालाय, तू काय मागितलंस?”

“तक्रारी मागितल्या, एजे.” एजे म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण.

“कुठल्या?”

“कुठल्या म्हणजे? तक्रारी.”

“उघड्या, बंद, की दोन्ही? माझी लायब्ररी ते विचारते. सांगितल्याशिवाय पुढेच सरकत नाही.”

मग तालाय म्हणाला, “मला तर कुणी विचारलं नाही.”

“न विचारता ते फक्त उघड्या देतात. शेवटच्या तक्रारीचा नंबर तीन हजार एकशे साठ आहे. तू दोनशे चौदा आणल्यास.”

वाट सांगणारी प्रत्येक तक्रार बंद झालेली, म्हणजे त्यातली एकही आली नव्हती. तालाय भला माणूस. त्याने लगेच ‘दोन्ही’ लिहून पुन्हा चालवलं. सातशेपाशी त्याचा प्रोग्राम आपटला. काही चालक नोकरी सोडून गेले होते, त्यांची खाती मिटली होती आणि तक्रारीत नावाच्या जागी काहीच नव्हतं. तालाय म्हणाला, “बिननावाच्या वगळतो, एजे.”

“त्याच तर जुन्या चालकांच्या आहेत,” झिपारा म्हणाली. “गल्ल्या त्यांनाच ठाऊक होत्या. वगळू नकोस.”

तिच्याकडे हा प्रश्न आधीच उभा होता. लायब्ररीने नाव ‘असेल किंवा नसेल’ असंच ठेवलं होतं, आणि नसेल तर काय, हे लिहिल्याशिवाय तिची सुटका नव्हती. असे रकाने पंधरा-वीस. कुणी बंद केली, कधी केली, खाली टिपण आहे का. प्रत्येकाला ती उत्तर लिहीत गेली. गुरुवारी मायराम आपांचे चार फोन आले.

“झिपारा, किती आणल्यास?”

“अजून एकही नाही, आपा.”

“एकही नाही? दोन दिवस तू काय चहा पितेयस?”

“चहा बुबुश एजे पितायत.” बुबुश म्हणजे मी. हे मला मुळीच आवडलं नाही, पण बशी हातात असताना वाद काय घालणार.

शुक्रवारी साडेदहाला तिचा प्रोग्राम तयार झाला. तिने एकदाच चालवला. पहिला गठ्ठा, दुसरा, दहावा. सव्विसाव्याला संकेतस्थळ म्हणालं की फार मागितलंत, थांबा. मी घड्याळाकडे बघितलं. झिपाराने मात्र तेही लिहून ठेवलं होतं. प्रोग्राम सांगितलं तेवढं थांबला आणि पुढचा गठ्ठा मागायला लागला. साडेअकराला बत्तिसावा आला. तीन हजार एकशे साठ, एकही कमी नाही. जिथे नाव नव्हतं तिथे ‘माजी चालक’.

मायराम आपांनी फोनवर सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, आणि तालायने स्वतःहून सांगितलं की ती लायब्ररी त्याला शिकायची आहे. मी इतकी वर्षं या बाईच्या चिठ्ठ्यांना हसत आले, त्या दिवशी हसू आलं नाही. पण माझी जीभ कुठली गप्प राहायला. मी म्हटलं, “झिपारा, एवढा जीव काढलास, पण बंद झालेल्या तक्रारी वाचतो कोण?”

ती लॅपटॉप मिटत म्हणाली, “तुमच्या जिन्याचं दार अंगणातून नाही, मागच्या पॉप्लरच्या झाडांच्या बाजूने आहे, हे दोन हजार तीनशे अठराव्या तक्रारीत आहे, एजे. तुमचं काही दुखायला लागलं की फोन घेणारी बाई चालकाला ती वाचून दाखवेल.”