तिसऱ्या कबरीचा उंबरठा

तुम्ही कधी दुसऱ्याच्या दारातली वस्तू उचलून घरी आणली आहे काय? उत्तराची घाई करू नका. मी केली होती, आणि ठामपणे 'नाही' म्हणालो होतो.

मस्कतमध्ये माझी बावीस वर्षे गेली. रुसैलच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करणे हे माझे काम. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि सुट्टीच्या दिवशी मी तेच काम फुकट करतो, असे माझी पत्नी सुलभा म्हणते. कुरुम परिसरातल्या आम्हा आठ-दहा मराठी कुटुंबांचे एक मंडळ आहे. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एका शुक्रवारी आम्ही छोटी बस ठरवून सहलीस जातो. सकाळी एखादे प्राचीन स्थळ पाहायचे, दुपारी एखाद्या वादीत, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यात, डोहाकाठी जेवायचे, पोहणाऱ्यांनी पोहायचे आणि दिवेलागणीला परतायचे. जाताना बस डब्यांनी भरलेली असते, येताना किश्शांनी. डबे रिकामे होतात. किस्से मात्र वर्षानुवर्षे साचत राहतात.

मंडळाचे नियम मी लिहिले आहेत. दंड एकच आहे: नियम मोडणाऱ्याने दिवसभर सर्वांच्या कचऱ्याची काळी पिशवी वाहायची. पैशांचा दंड मी मुद्दाम ठेवला नाही. पैसे देऊन माणूस मोकळा होतो. पिशवी घेऊन चालताना त्याला विचार करावा लागतो.

पुढचे सर्व किस्से एकाच सहलीतून निघालेले आहेत.

*

आमचा वाटाड्या खल्फान हा बहला गावाकडचा ओमानी. पांढरी पायघोळ दिशदाशा, डोक्यावर कशिद्याची टोपी, हातात खजुराचा डबा. बाजारातल्या भारतीय दुकानदारांच्या संगतीत तो लहानपणीच हिंदी शिकला. मला तो 'उस्ताद' म्हणतो. हा मान आहे की थट्टा, हे मी अद्याप विचारलेले नाही.

कोणत्याही स्थळी बस थांबली की दार उघडण्यापूर्वी तो उभा राहून एकच वाक्य बोलतो. "आँखों से जितना चाहिए ले लो. हाथ से कुछ नहीं."

एकदा मी त्याला म्हणालो की हे वाक्य मलाच सुचायला हवे होते. तो म्हणाला, "उस्ताद, आपका होता तो लंबा होता."

*

त्या फेब्रुवारीत आम्ही जबल मिश्त या डोंगराच्या पायथ्याच्या प्राचीन कबरी पाहायला गेलो. उघड्या टेकडीच्या कण्यावर मधमाश्यांच्या पोळ्यांसारख्या गोल दगडी कबरी ओळीने उभ्या आहेत. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड नुसता ठेवलेला. चार-साडेचार हजार वर्षे त्या अशाच उभ्या आहेत. प्रत्येकीला एक बुटके दार आणि दाराला उंबरठा.

आमच्या मंडळात रत्नागिरीचे दाऊदभाई आहेत. मत्रहच्या बाजारात त्यांचे कापडाचे दुकान आहे. पहिल्या कबरीपाशी पोहोचताच त्यांनी छातीवर हात ठेवून सलाम केला. मी सहज म्हणालो की ही माणसे तुमच्या धर्माच्या आधीची, बहुधा माझ्याही पुराणांच्या आधीची. तुम्ही नेमका कुणाला सलाम करता?

दाऊदभाई थांबले. "अवो बर्वेसाहेब, कुणाच्या घरात शिरताना आधी वळख इचारतात काय? सलाम करायचा नि मगच आत जायचा."

माझे मन भरून आले. ओळीतल्या तिसऱ्या कबरीच्या उंबरठ्याशी मी एकटाच मागे राहिलो आणि वाकून नमस्कार केला.

*

मंदार हा पुण्याचा अभियंता, वय चौतीस. मंडळातला सर्वांत हुशार आणि नियमांच्या बाबतीत सर्वांत ढिला. सगळ्यांच्या देखत तो फोटोसाठी एका कबरीच्या पडक्या भिंतीवर चढला.

मी ओरडणार होतो. खल्फानने मला हाताने थोपवले. त्याने थर्मासमधून छोट्या पेल्यात कहवा ओतला, भिंतीखाली जाऊन उभा राहिला आणि पेला वर धरला. "ऊपर ही पिएँगे? घरवाले नीचे सो रहे हैं. आहिस्ता उतरिए."

मंदार इतक्या हळू उतरला की कहवा निवाला.

काळी पिशवी अर्थातच त्याच्या हाती आली. टेकडी उतरताना तो मला म्हणाला, "काका, एवढ्या हजार वर्षांत या भिंतीवर चढणारा मी काही पहिलाच नसेन."

"नसशील," मी म्हणालो. "पिशवी घेऊन उतरणारा मात्र पहिलाच."

*

दुपारी वादी दममध्ये गेलो. दोन उभ्या कड्यांमधून पाणी वाहते, आणि खडकांवरून थोडे चढून गेले की हिरव्या-निळ्या पाण्याचा डोह लागतो. सुलभाला पाण्याची फार भीती. लग्नाला एकतीस वर्षे झाली, पण कोणत्याही पाण्यात ती घोट्याच्या वर उतरली नव्हती. येथेही ती काठावरच्या खडकावर बसली आणि तिने फक्त पाय पाण्यात सोडले. क्षणभरात बारीक मासे जमले आणि तळव्यांना टोचू लागले. ती आधी दचकली, मग हसू लागली.

"अहो, पुण्यात बायका याच्यासाठी पार्लरला जातात," ती म्हणाली. "इथे देव फुकट करतोय. तुम्हीही सोडा पाय."

अर्ध्या तासाने ती तरंगण्याचे जाकीट घालून, खल्फानने धरलेल्या दोरीच्या आधाराने डोहाच्या मध्यावर होती. आकाशाकडे तोंड करून ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटले, स्तोत्र म्हणत असेल. बाहेर आल्यावर विचारले, तेव्हा तिने सांगितले की ती फक्त 'बरं झालं, बरं झालं' असे म्हणत होती. त्याहून चांगली प्रार्थना मला ठाऊक नाही.

*

परतताना माझा पाय शेवाळावरून घसरला आणि गुडघा मुरगळला. बस निदान अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि वाट सगळी खडकांची. खल्फानने माझी खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या गळ्यात पुढे अडकवली, पाठ वाकवली आणि मला उचलले. माझे वजन ब्याऐंशी किलो आहे. वाटेत मी त्याला कोठे पाय ठेवावा, कोणता दगड निसरडा दिसतो, कोठे थांबावे, हे सांगत होतो.

बसपाशी मला उतरवून त्याने घाम पुसला. मी आभार मानू लागलो, तर तो म्हणाला, "उस्ताद, बकरे मैंने इससे भारी उठाए हैं. लेकिन वो रास्ता नहीं बताते थे."

बस हसली. मीही हसलो. त्या माणसाचे ऋण मी जन्मभर विसरणार नाही असे मी त्या दिवशी मनाशी म्हटले, आणि ते खरे होते. वाक्य पूर्ण खरे असावे आणि माणूस तरीही खोटा असावा, असे घडू शकते.

*

पुढच्या आठवड्यात खल्फानचा फोन आला. त्या स्थळाच्या राखणदाराने तक्रार केली होती. तिसऱ्या कबरीच्या उंबरठ्याशी असलेला एक दगड नाहीसा झाला होता, आणि त्या दिवशी तेथे आमच्याखेरीज कोणी आले नव्हते. खाली पडलेला दगडही कबरीचाच असतो; डागडुजीच्या वेळी तो जागेवर बसवायचा असतो. गटाची जबाबदारी वाटाड्याची, म्हणून खल्फानचा परवाना पर्यटन कार्यालयाने काढून घेतला होता. ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होण्यापूर्वी दगड मिळाला नाही, तर तो कायमचा रद्द होणार होता. वाटाड्याच्या कामाखेरीज त्याला दुसरे काम येत नव्हते, आणि त्याला दुसरे करायचेही नव्हते.

त्याने दगडाचे वर्णन सांगितले. मी ते स्वतःच्या हाताने मंडळाच्या ग्रुपवर लिहिले: काळा, गुळगुळीत, अंडाकृती, मुठीत मावेल एवढा, मधोमध पांढरी रेघ. खाली कडक शब्दांत लिहिले की ज्याने हे केले त्याने तो दगड मुकाट्याने आणून द्यावा. आणि गुन्हा साधा नसल्यामुळे दंडही साधा नसेल. अपराध्याने पुढचे पूर्ण वर्ष, प्रत्येक सहलीत, काळी पिशवी वाहायची.

कोणी पुढे आले नाही. मग मी मंदारला फोन केला. आरोप केला नाही; फक्त विचारले की भिंतीवर चढला होतास तेव्हा हाताला काही लागले होते का.

तो म्हणाला, "काका, मी चढलो ते सगळ्यांसमोर. उचलायचं असतं तर तेही सगळ्यांसमोरच उचललं असतं." आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला.

दाऊदभाई मला म्हणाले, "तुमी चुकलात." मी त्यांना म्हणालो की न्याय कधीकधी कठोर दिसतो.

उन्हाळा आला. सहली थांबल्या. खल्फान मधूनमधून फोन करून माझ्या गुडघ्याची चौकशी करीत असे. परवान्याचे मी विचारले की "इन्शाल्ला" म्हणत असे, आणि विषय बदलत असे.

*

भाद्रपदात आमच्या घरी गणपती असतो. मी खल्फानला जेवायला बोलावले. तो पत्नीच्या हातचा हलवा घेऊन आला. चपला बाहेर काढून तो दिवाणखान्यात बसला, मोदक पाहून प्रसन्न झाला, आणि त्याने दोन खाल्ले. सुलभाने त्याला सजावट दाखवली. शेजारी आमचे नेहमीचे देवघर आहे. तो आदराने दोन हात अंतरावर उभा राहून पाहत होता. कोणता देव कोणता, हे सुलभा त्याला सांगत होती. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंख.

तो एकाएकी थोडा पुढे वाकला, मग मागे सरला. जेवला. पान खाल्ले. निघताना दारात चपला घालता घालता त्याने मला हळूच विचारले, "उस्ताद, वो काला वाला, चंदन लगा हुआ. वो कहाँ से आया?"

मी खरे तेच सांगितले. तिसऱ्या कबरीशी वाकून नमस्कार केला तेव्हा तो अगदी कपाळापाशी दिसला होता. काळा, गुळगुळीत, मधोमध पांढरी रेघ. अशी रेघ असलेल्या दगडाला आमच्याकडे जानवे घातलेला बाण म्हणतात, साक्षात शंकर. तो मी खांद्यावरच्या पिशवीत ठेवला. घरी आणून पंचामृताने स्नान घातले. तेव्हापासून रोज बेल, बेल नसला तर पांढरे फूल, फूल नसले तर अक्षता. त्या दिवसापासून माझ्या लेखी तो दगड नव्हताच. म्हणून दगडाचे वर्णन लिहिताना माझा हात थबकला नाही.

"मी घेतला नाही, खल्फान," मी म्हणालो. "देवानेच दिला."

खल्फान दुसरी चप्पल घालायचा थांबला. "दिया होगा," तो म्हणाला. "लेकिन दरवाज़ा किसका था?"

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. वादीतून त्याने मला पाठीवर उचलले, तेव्हा तो देव त्याच्या गळ्यातल्या माझ्या पिशवीत होता. माझी चोरी त्याने स्वतःच वाहून बसपर्यंत आणली होती.

त्याने दुसरी चप्पल घातली. "मोदक अच्छा था," असे सुलभाला सांगून तो गेला.

*

विसर्जनानंतरच्या शुक्रवारी मी त्या बाणाची उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या आणि 'आपल्या स्थानी परत जावे' अशी प्रार्थना केली. मग खल्फान, दाऊदभाई आणि मी जबल मिश्तला गेलो. जाताना मी मंदारच्या दारी थांबलो. त्याने दार उघडले. मी सर्व सांगितले आणि हात जोडले. तो मग आत जाऊन बूट घालून आला.

टेकडीवर राखणदारासमोर मी स्वतःच्या हाताने तो दगड उंबरठ्याशी ठेवला. चंदनाचा डाग राहिला होता. खल्फानने तो आपल्या बाटलीतल्या पाण्याने धुतला. निघताना दाऊदभाईंनी सलाम केला. या वेळी मीही केला.

खल्फानला परवाना परत मिळाला. त्याने मला एकही कठोर शब्द ऐकवला नाही, आणि आजही तो माझ्या गुडघ्याची चौकशी करतो. परक्या देशात माणसाला याहून मोठा प्रसाद कोणता मिळणार?

ऑक्टोबरच्या पहिल्या सहलीत बस सुटण्यापूर्वी मी उभा राहून सर्वांना सर्व सांगितले. कोणी तरी पुटपुटले की झाले ते झाले, काका वयाने मोठे आहेत, आता दंड कशाला. मंदारने खिशातून मोबाइल काढला. त्याने त्यात माझाच फेब्रुवारीतला संदेश शोधला आणि शांतपणे वाचून दाखवला: पूर्ण वर्ष, प्रत्येक सहलीत.

हा पाचवा महिना. डोहाकाठी जेवणे आटोपली की मी काळी पिशवी घेऊन सर्वांमागून चालतो. मंदार मुद्दाम शेवटपर्यंत एक केळे राखून ठेवतो. बसपर्यंतची वाट अर्धी सरली की तो थांबतो, सावकाश केळे सोलतो, साल माझ्या पिशवीत टाकतो आणि विचारतो, "काका, जड होत नाही ना?"