सहीची फी

हॉस्पिटलांना जेवणाचे ट्रे पुरवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे नाकवाली म्हणायचे. दूध नासायच्या आधीच तिला त्याचा वास यायचा. भाज्या चिरता चिरता ती सुपरवायझर झाली होती, पण शिक्षण अर्धवट राहिल्याचं शल्य काही जात नव्हतं. म्हणून अन्नसुरक्षेच्या डिप्लोम्याची फी कंपनी भरेल, असं मालकाने सांगितलं तेव्हा ती हरखून गेली. बाँड होता: पास झाल्यावर तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर सगळी फी परत.

"नीट वाचलंस ना?" नवऱ्याने विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्याच दोरावर त्याचा पटकन भरवसा बसत नसे.

"सोडायचंय कुणाला?" ती म्हणाली.

ती पहिल्या झटक्यात पास झाली. मालकाने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून गाडी सुटण्याआधी तपासणीच्या कागदावर तिची सही लागू लागली. आपल्याला मान मिळाला, असंच तिला वाटलं.

मग एका सोमवारी तिने चिकनच्या खोलीचं दार उघडलं आणि वासाने ती दोन पावलं मागे सरली. सुट्टीत फ्रीजर बंद पडला होता. मांस हिरवट पडलेलं, बोटाला बुळबुळीत लागत होतं आणि खाली लालसर पाण्याचं थारोळं साचलं होतं.

"हे सगळं टाकावं लागेल," ती म्हणाली.

मॅनेजरने नाकाला रुमाल लावला. "व्हिनेगरने धुवा आणि मसाला सढळ हाताने घाला. आजारी माणसाच्या तोंडाला कुठे चव असते?" आणि तो रुमालाआडून हसला. त्या मांसापेक्षा त्या हसण्याचीच तिला जास्त शिसारी आली.

"मी सही करणार नाही."

"ताई, मग तुमची फी आम्ही काय हौस म्हणून भरली?"

आता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. यांना तिची अक्कल नकोच होती. हवी होती फक्त सही. उद्या कुणी दगावलं तर अडकायला हक्काची मान.

ती तडक मालकाकडे गेली. त्याने आधी थंडगार सरबत मागवलं. "तुम्ही तर आमच्या घरच्या. खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

"ते चिकन तुमच्या घरी पाठवू?"

मालकाच्या तोंडातली साखर विरघळली. "नाकाने कांदे सोलू नका. जायचंय तर खुशाल जा, फी टेबलावर ठेवून."

तिने सरबताला हात लावला नाही. खाली जाऊन फिनेलचे दोन कॅन त्या मांसावर ओतले आणि नोकरी सोडून घरी आली. पुन्हा पुन्हा साबण लावला, तरी हाताचा वास जाईना.

आठवड्याभरात वकिलाची नोटीस आली. फी तर होतीच, वर "उत्तम दर्जाच्या" चिकनची किंमतही लावली होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात! तिने अन्न-औषध खात्याकडे तक्रार केली. तपासणीला साहेब आले, मालकाच्या केबिनमध्ये पोटभर जेवले आणि ढेकर देत गेले. तिच्या वकिलाने मांसाचा दावा उडवून लावला, पण फीपुढे त्यानेही हात टेकले. "बाँडवर सही तुमचीच आहे, बाई."

हप्ते बांधून घेतले. आता ती एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये आहे. पगार निम्मा, पण जे शिजवते तेच स्वतः जेवते. चिकन मात्र घरात शिजत नाही.

"तुझ्या जागी मी असतो ना, तर सही करून मोकळा झालो असतो," नवरा एकदा भांडी विसळताना म्हणाला. "भीतीने." त्याच्या या बोलण्याने तिला फार बरं वाटलं.

हप्ता भरला की कंपनीचा मेसेज येतो: आमच्यासोबत शिकल्याबद्दल आभार. ती तो लगेच पुसून टाकते, तरी त्या दिवशी तिला जेवण जात नाही.