उत्तराबाईंचे साहेब

चौऱ्याऐंशी साली आमच्या अंधेरीच्या रंगाच्या कंपनीत कुजबूज उठली, की टेलिफोन ऑपरेटर उत्तरा टिपणीस युनियनच्या निवडणुकीला उभ्या राहणार. बातमी चहाच्या आधी कँटीनला पोचली.

कारणही तसं सबळ होतं. बाई छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि पुढची जहाल औषधं सोसून कामावर परतल्या, त्या ज्याला त्याला 'साहेब' म्हणू लागल्या. पूर्वी याच बाई नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखून 'काय हो प्रधान, आज पण सर्दी?' असं विचारायच्या. आता शिपाई धोंडूसुद्धा साहेब; मतं हवी असल्याशिवाय इतका मान कोण देतं? धोंडूने लगेच चहाचा ट्रे उचलणं सोडलं. म्हणाला, आपल्याला आता ते शोभत नाही.

पण टेलिफोनच्या बोर्डावर घोटाळे होऊ लागले. स्टोअरचा फोन डायरेक्टरांना, आणि डायरेक्टरांच्या सौभाग्यवतींचा थेट गोदामात. तिथल्या हमालाने संध्याकाळी काय काय भाजी आणायची ते इमानाने ऐकून घेतलं. मॅनेजर गुप्ते वैतागले. बाईंना बोर्डावरून उठवून पाकिटं चिकटवायला बसवायचं त्यांनी ठरवलं. त्या टेबलावरून पुढची पायरी घरची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाई विधवा, आणि मुलुंडच्या बिऱ्हाडात त्यांच्या पगाराकडे बघणारी कॉलेजातली मुलगी.

गुप्त्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेरच्या कपाटात फाइल शोधत होतो. बराच वेळ सापडत नव्हती.

"बाई, निवडणुकीचं कानावर आलंय. खरं काय ते सांगा."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आपण म्हणाल तसं, साहेब."

गुप्त्यांनी त्या 'साहेब'मध्ये होकारच ऐकला. ऐन निवडणुकीत उमेदवाराला हलवायचं म्हणजे उद्या गेटवर त्यांच्याच नावाच्या घोषणा.

"छे छे, तुम्ही बोर्डावरच बसा. मदतीला टायपिंगमधली चंपा देतो."

चंपा शेजारी बसून हळूच एक्स्टेन्शन सांगू लागली. बोर्ड सुरळीत झाला, बाई रिटायर होईपर्यंत खुर्चीवर राहिल्या. निवडणुकीत त्यांचा अर्ज आलाच नाही. आपल्या शब्दाखातर माघार घेतली अशी गुप्त्यांची समजूत झाली आणि दिवाळीला त्यांनी बाईंच्या घरी पेढे धाडले.

उत्तराबाई निवडणुकीला उभ्या राहणारच नव्हत्या. त्या औषधांनंतर त्यांना माणसांची नावं आठवत नव्हती, म्हणून त्या सगळ्यांना साहेब म्हणत.