राजाचं बीज

जनावरांच्या डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. माझ्या देखण्या खिलार वळूचं, राजाचं, बीज जवळजवळ निपचित होतं. शेजारच्या दगडूअण्णांच्या ठेंगण्या वळूचं मात्र नुसतं वळवळत होतं.

"राजाला मी काय कमी केलं, डॉक्टर?"

"काहीच नाही. हे जन्मजात आहे, आईबापाकडून आलेलं. खुराकानं बदलत नाही."

कष्टानं मिळवलेल्याचा मला कधी हेवा वाटला नाही. अण्णांना आयतं मिळालेलं मात्र फार सलत राहिलं. शेवटी माझी गाय त्यांच्याच दारी न्यावी लागली.

"आण की, वळू घरचाच समज," अण्णा म्हणाले. त्यांचा चांगुलपणाही मला टोचला.

कालवड झाली, ठेंगणी, गुटगुटीत. सगळे तिचं कौतुक करतात. मी अजून तिचं नाव ठेवलेलं नाही.